भासरे टॉकीजमध्ये आले तेव्हा

त्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या पोरांना एकच वेड लागलं होतं. उंटांच्या कार्टून सिनेमाचा दुसरा भाग वर्ध्याच्या टॉकीजला लागला होता, तोही हिंदीतून. पहिला भाग त्यांनी घरी, भाड्याने आणलेल्या सीडीवर, इतक्यांदा पाहिला होता की उंटांचं बोलणं त्यांना तोंडपाठ झालं होतं. जेवताना माझा मुलगा उंटासारखा जबडा फिरवत बसायचा. दिवाळीनंतर मेंढ्या आणि उंट घेऊन काठेवाडी मेंढपाळ आमच्या भागात उतरतात, त्यामुळे पोरांना उंट परके नव्हते. पण ते उंट बोलत नव्हते, एवढंच.

आमचं घर सेलूजवळ. भाजीपाल्याची शेती. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, शेती तेच पाहायचे. माझ्या नवऱ्याचं सेलूत किराण्याचं दुकान होतं. घरात सासूबाई, भासरे, जाऊबाई, त्यांची मुलगी, आणि आम्ही तिघं. भासऱ्यांचा स्वभाव फार अबोल. मी त्या घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी ते माझ्याशी सरळ बोलत नसत. काही सांगायचं असलं की मुलीला पुढे करायचे, "काकूले सांग, भेंडीची जुडी लहान बांध." मी तिथेच उभी असायची.

जाऊबाई मात्र बोलक्या. मी त्यांना बाई म्हणायची. एका दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतो. बोलता बोलता त्या थांबल्या आणि माझा हात धरून मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

"इथं हात लावून पाय," त्या म्हणाल्या आणि माझी बोटं छातीच्या डाव्या बाजूला ठेवली.

बोराच्या बीएवढं काहीतरी कडक लागलं. मी हात मागे घेतला.

"कधीपासून आहे हे?"

"संक्रांतीच्या आधीपासून. दुखत नाई. म्हणून म्या काई बोलली नाई."

"भाऊजींना सांगितलं?"

"नाई. तुलेच सांगून राह्यली."

त्या रात्री त्यांनी भासऱ्यांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी भासरे त्यांना गाडीवर बसवून सेवाग्रामला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुईने थोडं काढून तपासायला पाठवलं आणि काही दिवसांनी यायला सांगितलं. घरी सासूबाईंना सांगितलं की अंगात रक्त कमी आहे म्हणून गेलो होतो. सासूबाईंनी लगेच बीट आणि गूळ-शेंगदाण्यांचा मारा सुरू केला. बाई बिचाऱ्या मुकाट्याने खात होत्या.

त्याच दिवसांत कारंज्याहून माझी नणंद सुटीला माहेरी आली. तिचं सासर कापडाच्या व्यापारातलं. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून. मनात काही ठेवायची सवयच नाही. तिला कळलं तर अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला कळेल आणि सासूबाई आधी हाय खातील, म्हणून तिलाही सांगायचं नाही असं ठरलं. मी, माझा नवरा, बाई आणि भासरे, चौघांनाच ठाऊक. चौघंही एकमेकांकडे न पाहता घरात वावरत होतो.

डॉक्टरीणबाईंनी जो दिवस दिला होता त्याच्या आदल्या संध्याकाळी भासरे बाईंना म्हणाले, "तू नको येऊ. मी एकटाच जातो."

मी चुलीजवळ होते. बाई काय म्हणतात म्हणून माझा कान तिकडेच.

"बरं," बाई म्हणाल्या. "मंग मी पोरायले घेऊन सिनेमाले जातो. घरी बसून दाराकडे पाहात राहाणं मले जमत नाई."

भासऱ्यांनी दुपट्टा झटकून खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "टॉकीजच्या बाहेर थांबतो. सिनेमा सुटला की भेटू."

पोरांना हे कळलं तेव्हा त्यांनी अंगणात जो गोंधळ घातला! नणंदेने लगेच साडी काढली. "मलेही पाहाचा आहे उंट," ती म्हणाली. तिला नको म्हणणार कोण?

दुसऱ्या दिवशी आम्ही काळीपिवळीने वर्ध्याला निघालो. बाई, नणंद, मी, बाईंची अकरा वर्षांची मुलगी आणि माझा सहा वर्षांचा मुलगा. ऊन असं की जीपच्या दांडीला हात लावता येत नव्हता. बाईंनी लग्नकार्यात नेसतात ती जांभळी साडी नेसली होती. नणंद म्हणाली, "वहिनी, उंटाच्या सिनेमाले एवढी भारी साडी?" बाई नुसत्या हसल्या. ती साडी पुन्हा नेसायला मिळते की नाही म्हणून नेसली, हे मला कळलं आणि मी बाहेर पळणाऱ्या बाभळींकडे पाहत बसले.

टॉकीजमध्ये मोठमोठे कूलर घरघरत होते. ओल्या वाळ्याचा वास, खाऱ्या दाण्यांचा वास. सुटीचे दिवस, त्यामुळे हॉल पोरांनी आणि त्यांच्या आयांनी भरलेला. बाई मधल्या वाटेला लागून बसल्या, त्यांच्या शेजारी मी, मग पोरं, आणि पलीकडे नणंद.

सिनेमा सुरू झाला. उंटांचं एक कुटुंब समुद्र पाहायला निघालेलं. आजी, आई, दोन पिल्लं आणि एक खादाड मामा. बाईंनी पहिला भाग पापड लाटता लाटता तुकड्यांनी पाहिलेला, म्हणून त्या सारख्या विचारत होत्या.

"हा कोण आहे वं?"

"आई, तो मामा आहे. मागच्या भागात त्यानेच तर त्यायले वाचवलं होतं."

"आन् यायचा बाप कुठं गेला?"

"तो मेलता ना पहिल्या भागात!"

माझ्या मुलाला मामाचं खाणं पाहून हसू आवरत नव्हतं, आणि नणंद तर पोरांपेक्षा मोठ्याने हसत होती. मी पडद्याकडे बघत होते खरी, पण माझं मन सेवाग्रामच्या त्या लांबलचक व्हरांड्यात होतं. भासरे आता आत गेले असतील. आता नंबर लागला असेल. आता डॉक्टरीणबाई सांगत असतील.

मध्यंतरात आम्ही समोसे खाल्ले. बाईंनी आपला समोसा मुलीला दिला. मध्यंतरानंतर पडद्यावर वाळूचं वादळ उठलं. सगळा पडदा पिवळा झाला आणि आजीउंटीण मागे राहिली. पिल्लं हाका मारत होती. हॉलमधली लहान लेकरं चिडीचूप. बाईंचा हात माझ्या हातावर आला, घामाने ओला, गार.

"पाहाजो, आता सापडते थे," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "पोरायच्या सिनेमात मारत नाईत."

"मागच्या भागात मारलं होतं ना," त्यांची मुलगी पलीकडून म्हणाली. तिचा कान कुठे असतो देव जाणे.

तेवढ्यात दरवाजाचा पडदा बाजूला झाला आणि उजेडाची एक पट्टी आत आली. दारात टॉर्चवाला, आणि त्याच्या मागे एक माणूस. डोक्याला दुपट्टा बांधलेला, खांदे थोडे पुढे वाकलेले. मी त्या माणसाला ओळखलं. बाईंनीही ओळखलं असावं, कारण त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली.

भासरे बाहेर थांबणार होते. सिनेमा सुटायला अजून बराच वेळ होता. चांगली बातमी असती तर माणूस शांतपणे बाहेर चहा पीत बसला असता, असं माझ्या मनात आलं. वाईट बातमी घेऊन एकटं उन्हात उभं राहवलं नसेल. बाईंकडे मला पाहवेना. मी त्यांचा हात तेवढा दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

टॉर्चचा उजेड रांगेरांगेतून फिरत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे बैठो ना भाई!" भासरे दोन पावलं पुढे आले, अंधारात चाचपडले, आणि मग त्या माणसाने, जो घरातही कधी आवाज चढवत नाही, भर टॉकीजमध्ये हाक मारली.

"अवं! कुठं बसली तू?"

बाई पडद्याकडेच पाहत राहिल्या. मीच उठून उभी राहिले. भासऱ्यांसमोर मी कधी मोठ्याने बोललेली नाही, पण त्या वेळी ओरडले, "भाऊजी, इथं! इथं आहो आम्ही!"

ते धडपडत आले. बाईंसमोर वाकले. हळू बोलायला हवं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"काई नाई! साधी गाठ आहे! डॉक्टरीणबाईनं सोताच्या तोंडानं सांगतलं, कॅन्सर नाई म्हणून! काई नाई वं!"

पडद्यावर वादळ चालूच होतं, पण आमच्या अवतीभवती एकदम शांतता झाली. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी मागे वळली. आम्हाला ती ओळखत नव्हती, अंधारात चेहरेही दिसत नव्हते. ती म्हणाली, "बरं झालं माय. लई बरं झालं."

बाई खुर्चीत तशाच बसून होत्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचं सगळं अंग हलायला लागलं. त्या हसत होत्या की रडत होत्या हे मला आधी कळेना. माझीही तीच गत. भासरे मधल्या वाटेत जमिनीवरच बसले, बाईंच्या पायाशी, डोक्याचा दुपट्टा सोडून त्यानेच डोळे पुसत.

"कोणती गाठ?" नणंद पलीकडून उठली. "कोणाले झालती गाठ? काय बोलून राह्यला दादा?"

ती पोरांच्या पायांवरून, समोशाच्या कागदांवरून वाट काढत आली. मी तिला थोडक्यात सांगितलं. क्षणभर ती काहीच बोलली नाही, आणि ती गप्प आहे हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मले काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "मी परकी हाओ काय?" आणि मग उत्तराची वाट न पाहता तिने बाईंना छातीशी धरलं, इतकं घट्ट की बाईंना म्हणावं लागलं, "सोड वं, जीव घेशील माझा."

पोरं वैतागली होती. "आई, आजी सापडली! तू पाह्यलंच नाई!" बाईंच्या मुलीने तक्रार केली. तिला आपल्या आईचं काय चाललं होतं ते कळलं नव्हतं, की कळलं होतं आणि ती पडद्याकडेच पाहत राहिली होती, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

उरलेला सिनेमा भासऱ्यांनी तिथेच वाटेत बसून पाहिला. टॉर्चवाल्याने उठवलं नाही. मागाहून कळलं, त्याने दारात तिकीट विचारलं तेव्हा भासरे त्याला म्हणाले होते, "माझी बायको आत आहे. तिले सांगाचं आहे की ते चांगली आहे." त्यावर त्या माणसाने टॉर्च उचलला. थोड्या वेळाने भासरे माझ्याकडे वळून चक्क मला म्हणाले, "हा जाडा उंट कोण होय?" मध्ये पोर नाही, कोणी नाही. मी सांगितलं, "मामा आहे तो, भाऊजी." ते मान हलवून पुन्हा पडद्याकडे पाहू लागले.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई अंगणात कुरडया उलटत होत्या. नणंदेने चपला काढायच्या आधी सगळं सांगून टाकलं. सासूबाईंचा हात कुरडईवर तसाच राहिला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी बाईंना जवळ बोलावलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून, खांद्यावरून हात फिरवला, बाजारात घेताना वांगं तपासावं तसा.

"मले सांगाले काय झालतं?" त्या म्हणाल्या.

"तुमी घाबरल्या असत्या," बाई म्हणाल्या.

"घाबरलो असतो. मंग? सगळे मिळून घाबरलो असतो." आणि त्या उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं रागावल्या. रागावल्या होत्याच, दोन-तीन दिवस त्या भासऱ्यांशी धड बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी आतून स्टोव्हचा आवाज आला, आणि सगळ्यांसाठी चहा आला, इतका गोड की पोरांनाही संपवता येईना.

पुढे ती गाठ डॉक्टरांनी काढून टाकली. बाई दर वर्षी तपासून येतात, आता मुलगी घेऊन जाते.

त्या दिवशी चहा झाल्यावर बाई त्याच जांभळ्या साडीत आतल्या खोलीत आडव्या झाल्या आणि क्षणात झोपल्या. किती दिवसांत त्यांना नीट झोप नव्हती, ते मलाच ठाऊक होतं. नणंदेने दार लोटून घेतलं आणि पोरांना दम देऊन मळ्याकडे पिटाळलं. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची पालक ओट्यावर तशीच पडली होती. नणंद माझ्यासमोर बसली, कारंज्याला गेल्यापासून तिने जुडी बांधली नव्हती, पण हात विसरला नव्हता. आम्ही दोघी दिवेलागणीपर्यंत बांधत राहिलो, आणि ती चक्क हळू आवाजात बोलत होती.