उन्हात घाला, पोरींनो

सासवडला माझे वडील पंतोजी. पोरं धुळाक्षरं गिरवायची आणि मी दाराआड बसून दोन गोष्टी शिकले, लिहायला आणि वडिलांची नक्कल करायला. पुण्यात सासरी आल्यावर दुसरीच विद्या कामी आली. श्रीमंत पेशव्यांच्या फडातून हिशेब लिहून दमून आलेले सासरे जोडे काढताना कसे कण्हतात, ते मी करून दाखवलं की सासूबाई तोंडात पदर कोंबायच्या.

सगळ्यात जास्त हसायची माझी नणंद. तेरा वर्षांची, लग्न झालेली, सासरी पाठवायची अजून बाकी. माझ्याहून लहान, तरी मी तिला हाक मारायची 'वन्सं'. आम्हा दोघींना कावळा शिवायचा तोही एकदमच. मग तीन दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत बाजूला बसायचं. काम नाही, नुसता दंगा. फडकी धुऊन गोवऱ्यांच्या राशीमागं अंधारात दडवायची, पुरुषांना दिसता कामा नयेत.

थोरल्या जाऊबाईंच्या बाळंतपणाला नदीपलीकडून, येरवड्याहून सुईण आली. मागच्या दारानं जाताना ती आमच्यापाशी थबकली.

"ह्ये काय गं पोरींनो? फडकी अंधारात? वल्लं फडकं वापरू नगा, आंग सडतंय. उन्हात घाला."

"अहो, इथून बाबा येतात, दादा येतात!" नणंद म्हणाली.

"येऊ द्या की. उन्हाला लाज न्हाई, तुमालाच हाय."

चौथ्या दिवशी न्हाऊन घरात गेल्याबरोबर मी सुईण करून दाखवली. कमरेवर हात, गालात पान, 'आंग सडतंय' सकट. सासूबाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "येरवड्याकडून शिकायचं तेवढं राहिलं होतं पुण्याचं," म्हणाल्या. झालं. फडकी होती तिथंच राहिली.

मग श्रावण आला. काहीच वाळेना. नणंद पाय फाकून चालायला लागली. मी लगेच टिपलं, तिच्यामागून तशीच बदकासारखी चालले. सगळ्या हसल्या. तीही हसली, खांबाला धरून. इतकं नेमकं बघितलं मी, आणि अशी का चालतेस, हे काही विचारलं नाही.

ताप चढला. वैद्यबुवांनी नाडी धरून विचारलं, "कुठं दुखतंय?"

"डोकं," ती म्हणाली.

लुगडं बदलताना मला दिसलं. मांड्या चिघळल्या होत्या, पू धरला होता.

"कुणाला सांगू नका हं, वहिनी. माझी शपथ आहे तुम्हाला."

शपथ मोडून मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी तेव्हाच सुईणीला बोलावणं धाडलं. पण नदीला पूर. नाव सुटेना.

"वहिनी, सुईण करा ना."

केली. 'उन्हात घाला' इथपर्यंत आले. ती हसली नाही.

"खरंच घालायला हवी होती का हो?"

मला कुणाचाच आवाज काढता येईना.

पूर ओसरायच्या आत ती गेली.

सुईण आली ती तेराव्यानंतर. गोवऱ्यांमागं एकदा वाकून बघितलं आणि माघारी फिरली.

नणंदेची चाल मला अजून हुबेहूब येते. पुन्हा कधी केली नाही.

ऊन पडलं त्या दिवशी मी मागच्या दारी दोरी बांधली आणि धुतलेली फडकी सगळ्यांच्या देखत वाळत घातली. ओझ्यानं दोरी मधेच लोंबायला लागली. सासूबाई आल्या. आता बोलणी खायची, म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी गाठ सोडली, दोरी ओढून ताठ केली, आणि पुन्हा घट्ट बांधली.