लाल टोपीच्या मागे

डोंगरातल्या त्या विश्रामगृहात पानगळीचा आठवडा मोठ्या मानाचा. पाहुणे येत, रोज जंगलातली एक नवी वाट चालत आणि संध्याकाळी चिखलाचे बूट दाराशी काढून गरम सूप पीत. पुढे वाटाड्या चाले, सगळ्यात मागे लाल टोपीवाली. पाहुणे तिला कौतुकाने ‘शेपूट’ म्हणत. तीही हसून म्हणे, “शेपूट आहे म्हणून धड हरवत नाही.”

नियम साधा होता. लाल टोपीच्या मागे कोणी उरायचं नाही. त्यामुळे पुढचा वाटाड्या माणसं मोजायच्या फंदातच पडत नसे. खाली गाडीपाशी लाल टोपी दिसली की सगळे आले असं धरायचं आणि गाडी सोडायची. याच नियमाने तिच्या नवऱ्याचा घात केला होता.

तेव्हा नवरा वाटाड्यांच्या हाताखाली काम करी आणि टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर असे. तो दुसरा गडी तोंडाचा पट्टा कधी आवरत नसे, म्हणून त्याचं नावच गप्पीदास पडलेलं. एका पाहुणीची काठी दरीकडे घसरली. नवरा ती आणायला उतरला आणि जाताना म्हणाला, “थांब जरा, आलोच.” गप्पीदास थांबला नाही. त्याला थंडी वाजत होती आणि खाली सूप होतं. टोपी पोचली, गाडी सुटली आणि फुटलेला गुडघा घेऊन नवरा सकाळपर्यंत दरीत पडून राहिला.

तेही तिने गिळलं असतं. पण चौकशीत गप्पीदासने सांगितलं, “तो प्यायला होता. माझं न ऐकता परत मागे फिरला.” जो माणूस खोकल्याचं औषधसुद्धा नाक मुरडून घ्यायचा, त्याच्या कपाळावर दारुड्याचा शिक्का बसला. मालकाने दया म्हणून त्याला मागच्या खोलीत, वाटेवरच्या माणसांशी आणि गाडीशी बोलायच्या वायरलेसवर बसवलं. तेव्हापासून तो पाहुण्यांसमोर आला नाही. गप्पीदास शहरात गेला, बस्तान बसवलं. आणि तिने मालकाकडून तीच टोपी मागून घेतली. का, ते कोणाला सांगितलं नाही. हा गडी कधीतरी मिरवायला परत येणार, आणि येईल तेव्हा आपण त्याच्या मागे असायचं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

आणि या वर्षी तो आला. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, गळ्यात भारी कॅमेरा. तिला त्याने ओळखलं नाही. पहिल्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याची गाडी सुरू झाली, “आमच्या वेळी इथे एक महाभाग होता. ढोसून दरीत पडला आणि वर म्हणतो, मला सोडून गेले!” टेबल हसून लोटपोट झालं. ती त्याच्याच वाडग्यात सूप वाढत होती. एक थेंबही तिने बाहेर सांडू दिला नाही. आत तिचं रक्त उकळत होतं.

आठवडाभर तिने त्याची पाठ पाहिली. फोटोसाठी तो वाट सोडून झाडीत घुसायचा, दरवेळी. शेवटच्या दिवशी उतारावर धुकं आलं, लाल पिवळ्या पानांमागे तो घुसला, आणि ती न थांबता पुढे गेली.

पण वळणापलीकडे जाऊन एका आडव्या पडलेल्या झाडावर बसली. त्याला सोडून जायची तिची फार इच्छा होती, खोटं कशाला बोला. पण मेलेला माणूस कबुली देत नाही.

पहिली हाक रुबाबात आली. चौथीला रुबाब गळाला. मग नुसतं “कोणी आहे का हो?” ते ऐकताना तिला फार बरं वाटलं. पोटभर ऐकून झाल्यावरच ती उठली.

लाल टोपी दिसताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “अहो, मला वाटलं तुम्ही गेलात!”

“गेलेच होते. तुमच्यासारखी.”

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. “तू… त्याची बायको?”

तिने कमरेचा वायरलेस काढला आणि बटण दाबून त्याच्या तोंडाशी धरला. “त्या दिवशी काय झालं ते सांगा.”

“यात? अगं, गाडीत सगळे ऐकतील!”

“म्हणूनच. वाट तुम्ही विसरलात, मी नाही. आणि मी खाली पोचले की गाडी सुटते, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

धुकं दाटत होतं. तो बोलला. काठीचं, ‘थांब जरा’चं, सूपचं, चौकशीतल्या खोट्याचं. “तो प्यायलेला नव्हता,” हे शेवटचं वाक्य पुटपुटत.

तिने बटण सोडलं. वायरलेस खरखरला. मग मागच्या खोलीतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, अगदी शांत.

“आवाज नीट आला नाही. पुन्हा सांगू दे त्याला. मोठ्याने.”

आवाज खणखणीत पोचला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पुन्हा बटण दाबलं.