बोंबील उडवणारा टोस्टर

समुद्रकाठच्या घिवली गावात कोणाकडे टोस्टर नव्हता तेव्हा हिराकडे होता. तीस वर्षं होता. मात्र त्या तीस वर्षांत त्याच्यात पाव म्हणून कधी गेला नाही.

तो आला जवळच्या नोकरदारांच्या कॉलनीतून. हिरा पाटी घेऊन कॉलनीत दारोदार मासळी विकायची. तिथल्या एका बाईंच्या साहेबांची बदली मद्रासकडे झाली, आणि शेकडो पापलेटांच्या ओळखीवर बाईंनी जाताना टोस्टर हिराच्या पाटीत ठेवला. "पाव घालायचा, खटका दाबायचा, भाजून झाला की आपोआप वर येतो," एवढं शिक्षणही दिलं. हिराने मान डोलावली. पण तिच्या घरी पाव म्हणजे तापकऱ्याने चहात बुडवून खायची वस्तू. धडधाकट माणसाने तांदळाची भाकरी सोडून पाव खाल्ला तर शेजारी विचारायला येत, "काय झालं ह्यांना?" त्यामुळे टोस्टर वर्षभर फळीवर, देवाच्या शेजारी, प्लास्टिकची पिशवी पांघरून बसला. गणपतीत त्याला एक फूलही मिळालं.

पुढच्या पावसाळ्यात होड्या बंद, घरात फक्त सुकी मासळी, सिलिंडर संपलेला आणि सरपण ओलं. तिचा नवरा एकनाथ कालच्या भाकरीचा तुकडा हातात धरून बसलेला. हिराची नजर फळीवर गेली. सुक्या बोंबलाचं डोकं-शेपूट काढलं, मधोमध मोडला आणि त्या फटीत उभा घातला, तर असा बसला की टोस्टर बनवणाऱ्याने माप घ्यायला आधी घिवलीलाच माणूस पाठवला असावा. दोन्ही फटींत मिळून आठ तुकडे. भाजणीचा आकडा तीनवर.

बाईंनी सांगितलेलं एक खरं होतं, टोस्टर आपोआप वर आणायचा. पण पाव जड. सुका बोंबील म्हणजे नुसती हवा. खट्ट असा आवाज झाला आणि आठही तुकडे उडाले. एक सासऱ्यांच्या फोटोवर, दोन पाण्याच्या हंड्यात, आणि एक थेट एकनाथच्या कानशिलाकडे. एकनाथने मान न वळवता उजवा हात वर केला आणि तो हवेतच धरला. खाल्ला. म्हणाला, "आकडा बरोबर हाय."

एकनाथ तांडेल होता, म्हणजे होडीचा मुख्य. धक्क्यावरून कोणीही, कुठूनही दोर फेकावा आणि एकनाथने दुसरीकडे बघत तो उजव्या हाताने झेलावा, ही गोष्ट साताठ गावांत माहीत होती. त्या दिवसापासून घरात रिवाज पडला. तो उंबऱ्याशी पाठमोरा बसायचा, हिरा खटका दाबायची, आणि मग दोघांनी वाट बघायची. केव्हा उडेल ते कोणालाच ठाऊक नसायचं. आकडा तीनच असला तरी कधी टोस्टरला लवकर राग यायचा, कधी उशिरा. खट्ट झालं की हात वर. आठातले तीन-चार तरी तो झेलायचा. उरलेले मांजराचे. हिरा बाजारात ऐटीत सांगायची, "आमचे बोंबील विजेवर भाजतात, न् नवऱ्याच्या हातात जाऊन बसतात. तुमचे बसतात काय?"

दोन वर्षांपूर्वी एकनाथला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. बोलणं फारसं नव्हतंच, तेव्हा त्याची चुटपूट कमी. हाताची मात्र फार. बोईसरच्या डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला, दिवसातून पन्नास वेळा दाबायला. तो चेंडू एकनाथने डाव्या हाताने इतका लांब फेकला की पुन्हा कोणाला सापडला नाही. उजवा हात मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कोणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.

महिन्याभराने हिराने टोस्टर काढला. रिवाज म्हणून नव्हे, तो दुसऱ्या कशाला तोंड लावत नव्हता म्हणून. खट्ट झालं. बोंबील उडाले. आणि तो मांडीवरचा हात चार बोटं वर आला. खरंच आला. हिराने मोजली, अंगठा सोडून चार बोटं. मग परत पडला.

दुसऱ्या दिवशीही चार. एकदा पाच. तिने निमेशला सांगितलं. हा तिचा मुलगा, बोईसरच्या कारखान्यात कामाला, राहायलाही तिकडेच. निमेशने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "दचकल्यावर हात हलतो, तो आपल्या मर्जीने नाही. जांभई देतानाही हलेल. त्याला सुधारणा म्हणत नाहीत."

"डॉक्टरनं कंदी दोर झेललाय?" हिरा म्हणाली आणि आकडा तीनवर ठेवला. तिचा हिशेब सरळ होता. आज चार बोटं, उद्या वीत, परवा बोंबील.

दीड वर्ष ती चार बोटंच राहिली. आणि गेल्या महिन्यात टोस्टर मेला. निळी ठिणगी उडाली, करपट वास आला आणि संपलं. स्टेशनजवळच्या मिक्सर दुरुस्तीवाल्याने पोट उघडून पाहिलं. "मावशी, तार जळली. असली तार आता मिळत नाही. समुद्रात सोडून द्या."

"समुद्रातून आमी आणतो, टाकत नाय," म्हणून हिराने टोस्टर पदराखाली घेतला.

तर अशी हिरा एका रविवारी निमेशबरोबर बोईसरला नवापूर रोडच्या मोठ्या दुकानात शिरली. पिशवीत नमुन्यादाखल दीड किलो सुके बोंबील. दुकानात एसी, पायाखाली चकचकीत फरशी, आणि समोर टाय लावलेला विक्रेता कैलास. तो घिवलीशेजारच्या पाम गावचाच निघाला. त्यामुळे हिराला धीर आला आणि त्याचा सुटला.

"मावशी, घरात माणसं किती?"

"दोन. एक बसलेला, एक धावणारी."

"वायफाय आहे?"

"निमेश येतो तवा असतं. जाताना घेऊन जातो."

कैलासने हसू आवरलं आणि एक पांढरा टोस्टर पुढे केला. साधाच होता. हिराने त्याच्या फटीत बोट घालून खोली बघितली, मासळीचा कल्ला उघडून बघावा तशी. "हा उडवतो किती?"

"काय उडवतो?"

"घालशील ते."

"मावशी, उडवत नाही हो. हळूच वर आणतो. टोस्ट तुटू नये म्हणून."

"तुटला तर तुटला. उडवून दाखव."

आणि कैलासला काही कळायच्या आत तिने पिशवीतून बोंबील काढून मोडले. "मावशी, एसी चालू आहे!" तो कळवळला. "मंग गार होतील, बरंय की," म्हणत तिने खटका दाबला. सुकी मासळी एसीत भाजली की वासाला जायला वाटच नसते. पाच मिनिटांत तो फ्रिजच्या विभागात पोचला, तिथून धुलाई यंत्रांकडे वळला. टीव्ही बघत उभा असलेला कारखान्यातला एक माणूस मागे फिरून आला. "चाची, ये कितने का दिया?"

"टोस्टर इकायला नाय आले मी," हिरा म्हणाली.

"टोस्टर नहीं, मछली."

त्याला तिने अर्धा किलो दिले. एवढ्यात पांढऱ्या टोस्टरचं भाजून झालं. बोंबील वर आला तो नव्या सुनेसारखा. अर्धं तोंड बाहेर काढलं आणि तिथेच थबकला.

"ह्याच्यात जोर नाय," हिरा म्हणाली. दुसरा आणला. तोही तसाच. तिसऱ्याने तर बोंबील वर आणल्यावर पुन्हा खाली जाऊ दिला. आता मालक काउंटरमागून उभा राहिलेला. कैलासने घाम पुसला आणि काळ्या काचेचा, टीव्हीचं पोर शोभेल असा एक टोस्टर आणला.

"हा स्मार्ट आहे. मराठी बोलतो. आत कॅमेरा आहे, काय घातलं ते स्वतः ओळखतो."

हिराने बोंबील घातला. टोस्टरने बराच वेळ विचार केला. मग एका गोड बाईच्या आवाजात म्हणाला, "कृपया ब्रेड घाला."

"डोळा हाय न् बोंबील वळखीत नाय?" हिराने कमरेवर हात ठेवले. "मंग दर्याकाठी कशाला आलीस बाय?"

कैलासने पडद्यावरची चित्रं सरकवली. पांढरा पाव, तपकिरी पाव, गोठलेला पाव, मधे भोक पडलेला एक पाव. शेवटी 'इतर' असं सापडलं. तेव्हा ती बाई राजी झाली. भाजत आल्यावर म्हणाली, "तुमचा पदार्थ दहा सेकंदांत तयार होईल." मग दहापासून एकपर्यंत मोजलं, सनईसारखं काहीतरी वाजवलं आणि बोंबलांना लिफ्टमधून उतरवावं तसं वर आणलं. आदबीने.

"हा आधी सांगतो?" हिराने विचारलं.

"सगळं आधी सांगतो, मावशी!" कैलास फुलला. "दचकायला होतच नाही."

हिरा पिशवी बांधून बाहेर आली. निमेश मागोमाग. रस्त्यावर रिक्षांची गर्दी. तिथेच उभा राहून तो म्हणाला, "आई, मला ठाऊक आहे तू काय शोधतेस. स्प्रिंगने बाबांचा हात उठणार नाही."

"चार बोटं उठायचा."

"दीड वर्ष चारच."

"ओहोटी लागली म्हणून कोन होडी इकत नाय," हिरा म्हणाली. पण बोलताना ती त्याच्याकडे नाही, रिक्षाच्या नंबराकडे बघत होती.

निमेशने खिशातलं पाकीट चाचपलं. मग परत दुकानात गेला आणि तो काळ्या काचेचा टोस्टर घेऊनच बाहेर आला. मुलगा आणखी काय करणार? त्याला वाटलं, सगळ्यांत महाग आहे म्हणजे कुठेतरी आत जोर असेलच. कैलासने खोक्याला रिबीन बांधून दिली. मालकाने दुकानाचं दार वारा खेळायला उघडं ठेवलं.

संध्याकाळी घिवलीला एकनाथला खुर्चीसकट उंबऱ्याशी ठेवलं, पाठमोरा, तोंड समुद्राकडे. निमेशने आपल्या मोबाईलवरून टोस्टरला वायफाय पाजलं. टोस्टरने आधी घराचं नाव विचारलं, मग घरातल्या माणसांच्या आवडीनिवडी, मग पंधरा मिनिटं स्वतःला सुधारून घेतलं. "आमचंच कोन सुधारत नाय," हिरा पुटपुटली. बोंबील घातले. इतर.

ती भिंतीला टेकून एकनाथच्या उजव्या हातावर नजर लावून बसली.

"तुमचा पदार्थ दहा सेकंदांत तयार होईल." एकनाथने कान टवकारले. नऊ. आठ. त्याने मान वळवून बघितलं, ही कोण परकी बाई घरात आली. पाच. चार. त्याच्या चेहऱ्यावर शाळेत आकडे ऐकणाऱ्या पोराची शांती पसरली. एक. सनई. बोंबील अलगद वर आले.

हात मांडीवर होता तसाच राहिला. एक बोटही नाही.

"भाजलेत छान पण," निमेश म्हणाला. आणि भाजले खरंच छान होते, सगळीकडून सारखे, तीस वर्षांत भाजले नव्हते असे. एकनाथने डाव्या हाताने तीन खाल्ले. मांजर तेवढं दोनदा छताकडे बघून उपाशी गेलं.

निमेश वायफाय घेऊन बोईसरला परतला. त्यानंतर टोस्टरच्या काचेवर फुली मारलेला एक ढग आला, आणि दर तासाला ती गोड बाई "कृपया मला जोडा" असं म्हणायला लागली. तिसऱ्या तासाला हिराने तिची वायर काढली आणि पिशवी पांघरून तिला फळीवर देवाच्या शेजारी बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बोंबील तव्यावर भाजले. मग जुना, मेलेला टोस्टर काढला. तार जळली होती. स्प्रिंग जिवंत होती. फक्त खटका आता आपण होऊन धरत नव्हता, बोटाने दाबून ठेवावा लागायचा. तिने भाजलेले बोंबील फटींत उभे केले, खटका खाली दाबला आणि एकनाथच्या पाठीमागे जमिनीवर बसली. एक, दोन करत सोडला. खट्ट! जुनाच आवाज. बोंबील त्याच्या डोक्यावरून अंगणात गेले.

हात हलला नाही.

तिला कळलं. भांड्याचा आवाज, तिचं बसणं, गुडघ्याची कुरकुर, सगळं त्याने ऐकलेलं. आता सोडेल, हे त्याला माहीत होतं. तीस वर्षं दोघांनाही माहीत नसायचं, तीच तर गंमत.

म्हणून ती आता वेळ लावते. खटका दाबून धरायचा आणि सोडायचाच नाही. तो विसरेपर्यंत थांबायचं. रोज दुपारी ती अशी बसते. अंगठा बधिर होतो. एकनाथची पाठ ताठ असते. त्याचं कान देऊन ऐकणं तिला मागूनही दिसतं. तो समुद्राकडे बघण्याचं सोंग करतो, ती तिथे नसल्याचं. एका घरात चाळीस वर्षं काढल्यावर माणसं एकमेकांपासून लपणार कुठे? शेजारची विजया कुंपणावरून विचारते, "हिराकाकी, काय चाललंय?"

"बोंबील भाजतेय," हिरा कुजबुजते.

"विस्तव कुठाय?"

"जा गो तू."

काल अर्धा तास गेला. एकनाथची मान जरा खाली आली. श्वास लांबला. पेंगला असावा. हिराने अंगठा सोडला.

खट्ट!

बोंबील उडाले. एक त्याच्या मांडीवर पडला, उजव्या तळव्याच्या अगदी मध्यावर, ठेवल्यासारखा. हात त्याच्याखाली गप्प होता. बोटं मिटली नाहीत.

एकनाथने त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग डाव्या हाताने तो उचलला, मान वळवून हिराकडे बघितलं आणि मागे धरला. हिराने घेतला, अर्धा तोडला, अर्धा त्याच्या डाव्या हातात परत दिला. दोघांनी खाल्ला. पार थंड झालेला, चिवट.

"गार हाय," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग परत समुद्राकडे तोंड केलं, आणि पाठ ताठ केली. हिराने अंगणात जाऊन उरलेले बोंबील वेचले, फुंकून वाळू काढली, फटींत उभे केले आणि खटका दाबून धरला.