बिस्किट आणि पाठमोरे पाहुणे

दानियल गावितांनी नोकरीची सगळी वर्षं रेल्वेच्या फाटकावर काढली. खांडबाऱ्याच्या अलीकडे, साग आणि मोहाच्या झाडांमधून रूळ वळतात तिथं त्यांची गुमटी होती. फाटक पडलं की पलीकडे उसाच्या ट्रॉल्या थांबत, वऱ्हाडं थांबत, म्हशीसुद्धा थांबत. कुणी हॉर्न वाजवला तर दानियलभाऊ त्याच्याकडे बघत हात वर करत, आणि तो गप्प होई. त्यांना आवाज चढवावा लागला नाही. बोलण्याचीही फारशी सवय राहिली नाही. गाडी येते आणि जाते, त्यात बोलायचं काय, असं ते म्हणत.

निवृत्त होऊन घरी आले ते एक समजूत घेऊनच. जगात थांबवता येत नाही असं काही नाही. हात वर करायचा आणि वाट बघायची. ही समजूत बिस्किट वयात येईपर्यंत टिकली.

बिस्किट आणला रूथनं. रूथ ही दानियलभाऊंची एकुलती एक मुलगी, सुरतेला एका दवाखान्यात नर्स. दवाखान्याच्या मागं कुणीतरी टाकलेलं पिल्लू तिनं उचललं, खोलीवर नेलं, आणि घरमालकिणीनं दोघांनाही बाहेर काढायची तयारी दाखवल्यावर त्याला पिशवीत घालून पॅसेंजरनं गावी घेऊन आली.

"चार दिवस ठेव, बा," ती म्हणाली. "तोवर काहीतरी बघते."

तिनं काही बघितलं नाही. दानियलभाऊंनीही विचारलं नाही. पिल्लू तेव्हा मुठीएवढं होतं, बिस्किटाच्या रंगाचं, आणि चुलीजवळ पोतं टाकलं की त्यावर दिवसभर झोपायचं. प्रिस्किलाबाई, म्हणजे दानियलभाऊंची बायको, त्याला नागलीची भाकरी दुधात कुस्करून घालायच्या. ते अंगावर चढलं की घरात सगळे हसायचे. पंजे वर करून उभं राहिलं की शेजारची गुलाबबाई त्याला उचलून घ्यायची आणि म्हणायची, "बघा, माणसासारखा उभा राहतो." सगळ्यांनी मिळून त्याला उभं राहायला शिकवलं. त्याचं काय होईल, याचा विचार कुणी केला नाही.

दिवाळीनंतर तूर फुलावर आली तेव्हा बिस्किट मागच्या पायांवर उभा राहिला की जवळजवळ गुलाबबाईएवढा होई. पाय लांब झाले, ते कुठं ठेवायचे हे त्याला कळेना. आधी नावानं हाक मारली की यायचा. आता हाक मारली की थांबून बघायचा, विचार करायचा आणि उलट्या दिशेनं धूम ठोकायचा. दोरीवरचं लुगडं ओढून शेतात नेलं. प्रिस्किलाबाईंची चर्चला जायची एक चप्पल खाल्ली. दुसरी नुसती चावली. बाजेला बांधला तर बाजेसकट अंगणाबाहेर निघाला. बाजेवर त्या वेळी दानियलभाऊ पडलेले होते. त्यांनी झोपल्या झोपल्या हात वर केला. बिस्किटला तो खेळ वाटला.

नावाचीही अडचण होती. रस्त्यावर जगदीशचं चहाचं दुकान. जगदीश मूळचा कोरीटचा, त्याची भाषा अहिराणी. त्याच्या दुकानात कुणीही 'एक बिस्किटपुडा दे' म्हटलं की बिस्किट जिथं असेल तिथून यायचा आणि गिऱ्हाइकाच्या छातीवर दोन्ही पंजे ठेवून उभा राहायचा.

"दानियलभाऊ, हाऊ कुत्रा शे का काय शे?" जगदीश एकदा घरी येऊन म्हणाला. "गिऱ्हाईक चहा पेवाले येस, का आंघोळ कराले?"

"कुणाच्या अंगावर सांडला?"

"तलाठीना." मग जगदीशनं आवाज खाली आणला. म्हसावदला दिग्विजयभाऊ म्हणून त्याच्या ओळखीचे होते. त्यांचे केळीचे मळे होते आणि राखणीला कुत्रा हवा होता. चांगली माणसं, खायला घालतील, साखळीला बांधतील.

दानियलभाऊ काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनी होकार दिला असं जगदीशनं धरलं.

दिग्विजयभाऊ रविवारी पिकअप घेऊन आले. चांगला उंचापुरा माणूस, पांढरा शर्ट. गाडीतून उतरले, तोच बिस्किटनं त्यांचे दोन्ही खांदे धरले आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत तोंड चाटलं. दिग्विजयभाऊ गाडीला टेकून उभे राहिले. चाटून झाल्यावर त्यांनी रुमाल काढला.

"हाऊ तं चोरलेबी मिठी मारी," ते म्हणाले.

प्रिस्किलाबाईंनी त्यांना चहा दिला. तोंड धुवायला पाणीही दिलं. पिकअप रिकामी परत गेली. जगदीशला वाईट वाटलं. दानियलभाऊंनी गाडी वळणाआड जाईपर्यंत बघितलं, मग आत जाऊन साखळी खुंटीला अडकवली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच आपण होऊन रूथला फोन लावला.

"कोण गेलं?" रूथनं घाबरून विचारलं.

"कुणी नाही. याला शिकवायचं कसं?"

रूथच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरणीकडे कुत्रे होते. तिला विचारून रूथनं दुसऱ्या दिवशी सांगितलं: कुत्र्याचं हे वय असंच असतं, वांड पोरासारखं. मारायचं नाही, ओरडायचं नाही. सकाळ-संध्याकाळ लांब फिरवून दमवायचा. चघळायला काहीतरी द्यायचं, म्हणजे चपला वाचतील. अंगावर उडी मारली की पाठ फिरवायची आणि त्याच्याकडे बघायचंच नाही. चारही पाय जमिनीवर आले की शाबासकी. आणि मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा.

"मला कधी तू असं शिकवलं नाहीस, बा," रूथ हसत म्हणाली.

"तू उड्या मारत नव्हतीस."

"मारत होते. तू ड्युटीवर असायचास."

दानियलभाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "चघळायला काय द्यायचं?"

पहिला पेच एका शब्दाचा. घरात दोघं मावची बोलत, आणि प्रिस्किलाबाई कुत्र्याशी मावचीतच बोलत, तेही पूर्ण वाक्यात: 'अरे बाबा, जरा बस की, तुला काय झालंय, आताच तर खाल्लंस.' दानियलभाऊ 'बैठ' म्हणत, कारण नोकरीतले सगळे हुकूम हिंदीत असायचे. रूथ फोनवरून 'सिट' ओरडायची. बिस्किट तिन्ही ऐकायचा आणि तिघांवरही सारखंच प्रेम करायचा.

"मी बोलते तेच ठेव," प्रिस्किलाबाई म्हणाल्या. "त्याला भाकरी मी घालते."

"तुझं वाक्य संपेपर्यंत तो खांडबाऱ्याला पोचतो."

"आणि तुझं बैठ म्हणजे काय? तो काय पोलीस आहे?"

दोन दिवस घरात कुणीच कुणाशी बोललं नाही, तेव्हा बिस्किट त्यातल्या त्यात शांत होता. तिसऱ्या दिवशी गुलाबबाईनं तोड काढली. तिचं माहेर गुजरातच्या हद्दीत, दोन टेकड्या पलीकडे. ती म्हणाली, "बेस म्हणा. गुजराती आहे. दोघांचंही नाही." नवराबायकोंनी एकमेकांकडे बघितलं. यात कुणीच जिंकत नव्हतं, म्हणून दोघांनाही ते पटलं.

बक्षीस म्हणून दानियलभाऊंनी सुकट निवडली. सुकी कोळंबी, बारीक, स्वस्त, आणि वासाची पक्की. शर्टाच्या वरच्या खिशात कागदात बांधून ती सतत जवळ असायची. पहाटे ते बिस्किटला घेऊन रुळाच्या कडेनं, मग नदीच्या वाटेनं चालत. पट्टा ओढला की थांबत. तो सैल सोडेपर्यंत थांबून राहत. शेतात जाणाऱ्या बायकांना दानियलभाऊ वाटेत खांबासारखे उभे दिसत आणि त्यांच्यापुढं कुत्रा जीव तोडून कुठल्यातरी तितराकडे ओढताना दिसे.

"काय झालं, भाऊ?"

"काही नाही. वाट बघतोय."

बिस्किट 'बेस' शिकला, पण घरातच आणि समोर कोंबडी नसेल तर. अंगणात निम्म्या वेळा बसे. रस्त्यावर मुळीच नाही. एक आठवडा असा आला की आता जमलं, असं दानियलभाऊंना वाटलं. पुढच्या आठवड्यात त्यानं पलीकडच्या घरातल्या दिवलीबाईच्या कोंबडीच्या शेपटीची सगळी पिसं तोंडात आणली. कोंबडी जिवंत होती, पण नंतर कित्येक दिवस ती अंगणात निघताना आधी मान काढून बघे. दानियलभाऊंनी दिवलीबाईला आपली एक तलंग, अंड्यावर येऊ घातलेली कोंबडी, नेऊन दिली. त्या रात्री ते जेवले नाहीत. प्रिस्किलाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "लहान आहे अजून." त्या बिस्किटबद्दल बोलत होत्या की आपल्याबद्दल, हे दानियलभाऊंना कळलं नाही.

उडीचा पेच याहून अवघड, कारण त्यात सगळं गाव लागत होतं. बिस्किट ज्यांच्यावर उडी मारायचा ती माणसं किंचाळत, हसत, हात झाडत, चपला उगारत. त्याला याहून मोठी मजा नव्हती. म्हणून दानियलभाऊ घरोघर गेले. जन्मात कधी कुणाच्या दारात काही मागायला न गेलेला माणूस, ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "माझ्या घरी आलात तर जरा पाठ करून उभे राहा."

लोकांना आधी वाटलं, त्यांना काहीतरी झालंय. पण दानियलभाऊ स्वतःहून इतकं बोललेले कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून लोकांनी मान्य केलं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात कुणीही आलं की आधी वळून भिंतीकडे, नाहीतर आंब्याकडे तोंड करी, हात छातीशी घेऊन गप्प उभं राही, आणि मागं चार पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज आला की वळून 'कसं काय' विचारी. पोस्टमन तसा उभा राही. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन तसा उभा राही. दिवलीबाई तर रागानंच पाठ फिरवी, आणि तिचंच काम सगळ्यात चोख होई.

बिस्किटला हे फार विचित्र वाटलं. माणसं यायची आणि त्यांना तोंडच नसायचं. तो एकदा उडी मारी, दोनदा मारी, मग पुढं जाऊन वाकून बघे, आणि शेवटी बसून जाई.

जूनच्या सुरुवातीला प्रिस्किलाबाईंकडे घरची प्रार्थना ठरली. चर्चच्या मंडळीला नवे पाळकसाहेब आले होते, नगरकडचे, तरुण, आणि या गावात पहिल्यांदाच येत होते. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. बायामाणसं जमली. पाळकसाहेब मोटारसायकल लावून, हातात बायबल घेऊन, हसतमुखानं अंगणात शिरले आणि म्हणाले, "प्रभूची स्तुती असो!"

त्याच वेळी बिस्किट घराच्या मागून सुटला.

अंगणातली सगळी मंडळी उठली, वळली, आणि पाळकसाहेबांकडे पाठ करून उभी राहिली.

पाळकसाहेबांना कुत्रा दिसलाच नाही. त्यांना फक्त पाठी दिसल्या. सेमिनरीत त्यांना पुष्कळ प्रसंगांबद्दल शिकवलं होतं, याबद्दल नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. बायबल छातीशी धरून ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्याकडून काही चुकलं का?"

कुणी बोललं नाही. बोलायचं नाही, असंच ठरलेलं होतं. बिस्किट पाठींच्या रांगेपुढून धावत गेला, एकेकीला हुंगलं, कुठं काही मिळेना. मग त्याला अंगणात एकच तोंड दिसलं. तो पाळकसाहेबांपुढं गेला, मागचे पाय आखडले.

दानियलभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे होते, पण त्यांना पायांचा आवाज ओळखू आला.

"बेस," ते भिंतीला म्हणाले.

बिस्किट बसला. अंग थरथरत होतं, शेपटी सतरंजी झाडत होती, पण बूड जमिनीवर होतं. पाळकसाहेबही बसले, त्यांना वाटलं, आपल्यालाच सांगितलं.

मंडळी वळली. दानियलभाऊ चालत आले, खिशातून कागद काढला आणि बिस्किटच्या तोंडात सुकट ठेवली. "माफ करा, साहेब," ते म्हणाले. "हे याच्यासाठी होतं." मग त्यांनी सगळं सांगितलं, फाटकावर निरोप द्यावा तसं, एकापुढं एक. पाळकसाहेब ऐकत राहिले, मग जे हसले ते थांबेनात. हसता हसता त्यांनी दोन्ही हात पसरून "ये रे, ये" म्हटलं. बिस्किटला एवढंच हवं होतं. पाळकसाहेब सतरंजीवर उताणे पडले आणि बायबल आंब्याच्या आळ्यात गेलं.

"आता पहिल्यापासून," दिवलीबाई म्हणाली.

पहिल्यापासून करावं लागलं नाही, पण बरंच मागं जाऊन करावं लागलं. पाळकसाहेब पुढं दर आठवड्याला येऊ लागले आणि पाठ करून उभं राहायला इतरांसारखेच शिकले, फक्त त्यांना हसू आवरत नसे. पाऊस लागला, भातलावणी झाली, नागली कापली. बिस्किट कधी ऐके, कधी नाही; मग ऐकणंच जास्त होऊ लागलं. जगदीशच्या दुकानात बिस्किटाचं नाव निघालं तर आता तो नुसता उंबऱ्याशी येऊन बसे आणि गिऱ्हाइकाकडे बघत राही. जगदीशचं म्हणणं, हे जास्त वाईट, कारण गिऱ्हाइकांना लाज वाटून अर्धा पुडा त्यालाच जातो.

पुढच्या थंडीत प्रिस्किलाबाईंना काळजी वाटू लागली. बिस्किट सकाळी फिरून आला की आंब्याखाली पडून राही. चपला समोर असत, तो हुंगतही नसे. लुगडी दोरीवर दिवसभर वाळत. गुलाबबाई आली तर तो डोळा उघडे, शेपटी दोनदा आपटे आणि पुन्हा झोपे.

"त्याला काहीतरी झालंय, रूथच्या बा. घेऊन जा."

दानियलभाऊ त्याला खांडबाऱ्याला गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाजाराचा दिवस होता. शेळ्या, कोंबड्या, मिरच्यांचे ढीग, यांतून तो पट्टा सैल ठेवून त्यांच्या गुडघ्याशी चालला. डॉक्टरांनी डोळे बघितले, दात बघितले, पोट दाबलं, आणि काही नाही म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर प्रिस्किलाबाई दारातच उभ्या होत्या.

"काय म्हणाले?"

"मोठा झालाय म्हणाले."

प्रिस्किलाबाईंनी बिस्किटकडे बघितलं. तो आत जाऊन चुलीजवळ पोत्यावर पडला. पोतं आता त्याला पुरत नव्हतं. मान आणि पुढचे पाय जमिनीवर येत.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दुसरं पोतं शोधायला गेल्या.