शर्यतीच्या गाडीतली पुढची जागा

धुळ्यात त्या काळी कौतिक मिस्तरीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्याबद्दल धड चांगलं बोलेल असाही सापडायचा नाही. म्हणे, लढाईवर गेला तेव्हा शेतकऱ्याचा शहाणा पोरगा होता, इटलीहून आला तो डोकं तिकडेच ठेवून. अहो, डोकं कुठे जातंय? पलटणीच्या वर्कशॉपात असताना एका गावात, कडब्याच्या कोठारात, त्याने एक मोटार पाहिली होती एवढंच. चारी चाकं उघडी, वर छप्पर नाही, जागा एकाच माणसाची आणि अंग पुढे निमुळतं होत गेलेलं. शर्यतीची गाडी. ती धावताना त्याने पाहिलीच नाही. नुसता हात फिरवला आणि पलटण पुढे निघाली. तो हात मग वर्षानुवर्षं शिवशिवत राहिला.

सत्तेचाळीस साली तो आग्रा रोडवर बन्सीलालशेठच्या गॅरेजात लागला आणि लागल्यापासून त्याने त्या गाडीचा ध्यासच घेतला. लष्कराने मोडीत काढलेल्या मोटरसायकलचं इंजिन मिळवलं. त्याची साखळी मागच्या चाकांना जोडायची म्हणून इंजिन पाठीमागे बसवलं. लोक हसले, मिस्तरीने बैल मागे जुंपलेत म्हणाले. सांगाडा पाण्याच्या नळांचा, आणि वरचा पत्रा ठोकून दिला सोनगीरच्या पुना तांबटाने. पुनाचा हात हंडे घडवणारा. त्याने गाडीच्या नाकाडावरही हंड्यासारखेच ठोके उमटवले आणि वर बजावलं की हिच्यात पाणी भरलं तरी गळायची नाही.

पण गाडी ऐकेना. सोनगीरच्या सरळ रस्त्यावर पहाटे काढायची, जरा वेग धरला की पुढची चाकं हलकी, स्टेअरिंग हातात पोकळ. एकदा तर बाभळीत घुसली. कौतिक पडला शेतकऱ्याच्या पोटचा, त्याला लगेच उमगलं की गाडी उलार होतेय. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलतं ना, तेच. आणि उलार गाडीवर आपल्याकडे औषध एकच, गाडीवान मागे वळून म्हणतो, कुणीतरी पुढे सरका रे. इंजिन पुढे घ्यावं, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवावं, असलं काही या बहाद्दराच्या डोक्यात आलंच नाही. त्याने स्वतःच्याही पुढे, नाकाडात, माणूस बसेल अशी जागा केली. शर्यतीच्या गाडीत!

माणूस कोण बसणार? गॅरेजातले गडी एकेक करून कामाला पांगले. त्याची बायको बेबाबाई भाकरी घेऊन आली होती. तिने विचारलं, काय हवंय, वजनच ना? आणि लुगड्याचा काचा मारून आत जाऊन बसली.

गाडी सरळ धावली. नुसती धावली नाही, सुसाट सुटली. बेबाबाईने पदर दातात धरला होता तो सोनगीर येईपर्यंत सोडला नाही. दोंडाईच्याच्या माहेराहून ती बैलगाडीत आली तेव्हाही बायका बसतात तशी मागे, तोंड मागे करून आली होती. जन्मभर तिने सरून गेलेला रस्ताच पाहिला होता. आता तिच्यापुढे कुणी नव्हतं, बैल नाही, नवरा नाही. उतरल्यावर ती इतकंच म्हणाली, "रस्ता पहिले माले दिखस, मंग तुमले."

त्यानंतर दर रविवारी पहाटे दोघं निघत. बायकांनी नावं ठेवली, सासूने अबोला धरला. बेबाबाईने ढुंकून पाहिलं नाही. शनिवारीच ती जागेवर अंथरायची गोधडी झटकून ठेवायची.

पंचावन्न साली मुंबईकडे एका जुन्या विमानपट्टीवर मोटारींच्या शर्यती होणार असं कळलं. शेठने चौकशी केली, लॉरीतून गाडी न्यायचं कबूल केलं, आणि आल्यावर एक अट सांगितली. गाडीत माणूस एकच. कौतिकचा चेहरा पडला, पण किती वेळ? संध्याकाळी तो बेबाबाईला कापसाच्या जिनिंग कारखान्यात घेऊन गेला आणि कापूस तोलायच्या काट्यावर उभं केलं. हमाल फिदीफिदी हसत होते. ती लाजली, पण खूश होती. तिला वाटलं, मुंबईला न्यायचं तर लॉरीवाल्याला वजन सांगावं लागत असेल. घरी येऊन तिने नवं लुगडं काढलं, दशम्या केल्या. कौतिकने ते सगळं पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. सकाळी सांगू म्हणाला मनात. मेला भित्रा!

सकाळी बेबाबाई गाठोडं घेऊन लॉरीपाशी आली. तिच्या जागेवर आगगाडीच्या रुळाचे तुकडे बोल्टांनी आवळलेले होते. काट्यावर भरलं तेवढंच वजन, रतीभर कमी नाही. तिने दशम्यांचं फडकं तेवढं त्याच्या हातात दिलं आणि घरी परतली.

विमानपट्टीवर कौतिक साहेबांच्या विलायती गाड्यांमध्ये धावला. बक्षीस नाही मिळालं, पण गाडी शेवटपर्यंत टिकली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यासाठी एवढी वर्षं झुरला ते हाती आलं होतं, आणि समोर बघावं तर लोखंड. अंबाडा नाही, वाऱ्याने फुगलेला पदर नाही. त्याला धुळं आठवून रडू यायला लागलं, हे त्याने नंतर पुनाजवळ कबूल केलं.

परतल्या परतल्या त्याने बोल्ट काढले, रूळ भंगारात टाकले आणि रविवारी गाडी दारात आणून उभी केली. बेबाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "तुम्ही माले वजन म्हनीसन बसाडं का बायको म्हनीसन?"

तो वाकून बोल्टांची रिकामी भोकं पुसत राहिला. खोटं बोलावं तर तिला कळलं असतं.

तेव्हापासून तो रविवारी एकटाच निघायचा, पुढची जागा मोकळी ठेवून. वजन नाही म्हणजे वेगही नाही, सोनगीरच्या रस्त्यावर टांगेसुद्धा त्याला मागे टाकून जात. शेठने कितीदा सांगितलं, दोन धोंडे टाक पुढे आणि पळव. तो नाही म्हणायचा. त्याला गाडी नको होती आता. तिने एकदा पुढे बसावं एवढंच त्याला हवं होतं, आणि ती इच्छा त्याला आतून पोखरत चालली होती.

साठ साल उजाडलं. अशाच एका रविवारी त्याने ओट्यापाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि इतक्या वर्षांनी बोलला, "पहिला दिन वजनच व्हतं, बेबा. मंग नही."

बेबाबाईचे हात सुपात थांबले. तिचे डोळे भरून आले होते.

"मंग मुंबईले जातांना माले का बरं सांगं नही?" ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.