खिशातला चमचा

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, घरातले सर्वज्ञ. उभा जन्म एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी म्हणून काढला आणि निवृत्त झाल्यावर तेच कँटीन उचलून माझ्या स्वयंपाकघरात आणून मांडलं. मी नोकरी करणारी बाई, मला आनंदच व्हायला हवा होता. झालाही, सुरुवातीला.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी चमचा असायचा. शिजणाऱ्या प्रत्येक भांड्यात तो बुडवायचा, चव घ्यायची, डोळे मिटायचे, चमचा खांद्यावरच्या फडक्याला पुसायचा आणि पुढच्या भांड्याकडे वळायचं. कँटीनमध्ये कुणी मीठ जास्त झालंय म्हणालं, तर हे त्यालाच सुनवायचे, "जा, पाणी पिऊन ये." ही गोष्ट ते आजही छाती फुगवून सांगतात.

आणि अशा माणसाच्या नातीला, आमच्या चिंगीला, दुधाची ॲलर्जी निघाली! दूध, लोणी, चीज, साय, काही म्हणजे काही चालायचं नाही. आबांच्या मते हा घराण्याला बट्टाच. "आमच्यात नाही हो कुणाला असलं काही," ते म्हणाले. माझ्याकडे बघून.

डॉक्टरीणबाईंनी सोपा उपाय सांगितला होता. सगळ्यांचाच स्वयंपाक बिनदुधाचा करा, मोठ्यांना हवं तर लोणी ताटात वरून घ्या. छे! बिनलोण्याचा बटाटा म्हणजे आबांच्या लेखी भिंतीचा चुना. त्यांनी दोन पातेली मांडली. मोठ्यात आमचं, भरपूर साय घातलेलं. छोट्यात चिंगीचं, नुसत्या तेलावरचं. तिची सुरी वेगळी, फळी वेगळी, ताटली वेगळी. शेजारणीला मुद्दाम बोलावून सगळं दाखवलं. मलाही कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू?

तरी पोरीच्या अंगावर गांध्या उठायच्याच. मग आबांनी तपास हाती घेतला. आधी साबण बदलला, मग टोमॅटो बंद केले, मग सोफ्याच्या कापडावर संशय. शेवटी गाडी माझ्यावर आली. "ही ऑफिसातून येताना काहीतरी आणून चारत असणार." आणि चक्क माझी पर्स उघडून बघितली! पर्समध्ये काय सापडणार होतं, गाय? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरोबा मूग गिळून बसले, त्यांना तेवढं छान जमतं.

मग एका रविवारी दुपारी चिंगीनं मटाराचं सूप दोन चमचे घेतलं आणि तिचे ओठ टम्म सुजले. श्वास घेताना शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरीणबाईंनी देऊन ठेवलेलं इंजेक्शन मी तिच्या मांडीत खुपसलं. नवऱ्यानं गाडी हाणली. दवाखान्यात तिचा श्वास मोकळा होईपर्यंत मी माझा रोखून धरला होता. आणि बाहेर बाकावर आबा मला विचारतात, "सकाळी तिला काय दिलं होतंस?"

पोरगी घरी आली तशी मी रजा टाकली आणि ओट्याजवळ स्टूल ओढून बसले.

"माझ्यावर पहारा?" आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"शिकतेय," मी म्हटलं.

मोठं पातेलं उकळलं. आबांनी साय ओतली, चमचा बुडवला, चव घेतली, डोळे मिटले. फडक्याला पुसला. आणि तोच चमचा निघाला छोट्या पातेल्याकडे.

"थांबा!"

"का? पुसलाय की!"

"कशाला पुसलाय, ते बघा."

त्यांनी खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. सायीनं चिकट झालं होतं. मग चमच्याकडे बघितलं, मग छोट्या पातेल्याकडे.

"सापडली बघा गाय," मी म्हटलं.

त्यांनी चमचा ओट्यावर ठेवला. "म्हणजे मीच का गं?"

"हो. तुम्हीच." त्या वेळी मला त्यांची जराही दया आली नाही. शिट्टी अजून कानात होती.

आता घरात एकच पातेलं, बिनदुधाचं. लोणी टेबलावर, ज्याचं त्यानं घ्यावं. आबांचा खिसा रिकामा. मी धुतलेले चमचे समोर ठेवते, पण ते हात लावत नाहीत. चव घेतच नाहीत मुळी, सगळा अंदाजपंचे कारभार.

काल बटाट्याचा लगदा केला होता. आबा लोणी लावलेला पाव खात होते. चिंगीनं घास तोंडात घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, थुंकला आणि आपला चमचा आबांपुढे धरला. "आबा, आं!"

आबांनी ओठ घट्ट मिटले. खुर्ची मागे सारली, दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मला नको, राणी. तूच सांग. मीठ जास्त झालंय का?"

चिंगीनं होकाराची मान जोरात डोलावली. सबंध कारखान्याला पाणी पाजणारा तो माणूस मुकाट्यानं बेसिनपाशी गेला, हात साबणानं खसाखसा धुतले आणि तिची ताटली उचलून म्हणाला, "दुसरं करून आणतो हं."

माझ्या ताटातला बटाटाही खारट ढोण होता. मी सगळा संपवला, आणि उठून पाणी प्यायले.