दमलेल्या हाताने नाही

डॉ. नलिनी वर्दे यांना मी पहिल्यांदा भेटले ती नोकरी मागायला. डोंबिवलीतल्या त्यांच्या प्रसूतिगृहात साहाय्यक डॉक्टर हवी होती आणि मी नुकतंच शिक्षण संपवून, वर्तकनगरहून, आईची चांगली साडी नेसून गेले होते. छाप पाडावी म्हणून मी म्हटलं, "मॅडम, मी सलग दोन दोन दिवस न झोपता ड्युटी केलेली आहे. मला काही होत नाही."

"आणि पेशंटला?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी सकाळपासून काही खाल्लंय का ते विचारलं, मी नाही म्हटल्यावर आतून पोहे मागवले आणि मी ते संपवेपर्यंत समोरचे कागद तपासत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "सोमवारपासून ये. पण ते जागरणाचं कौतुक पुन्हा माझ्यासमोर नको." नोकरी मिळाली याचा आनंद मानावा की अपमान झाला म्हणून रडावं, हे मला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

समोर मॅडम म्हटलं तरी आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. या महिन्यात बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि याच महिन्यापासून शस्त्रक्रिया करायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलं आहे. ही बातमी फुटल्यापासून डोंबिवलीत आणि पार कल्याणपर्यंत घराघरांत नाराजी आहे. साठीनिमित्त अंक काढणाऱ्या गौरव समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी मला जवळजवळ बजावलंच, "साठी म्हणजे काय वय आहे हो? तुमचं त्या ऐकतात. लेखात जोर लावून लिहा, थांबू नका म्हणावं." मी मान डोलावली. बाईंनी थांबू नये असं मला इतर कुणाहीपेक्षा जास्त वाटत होतं, कारण त्या थांबल्या की टेबलापाशी त्यांच्या जागी मला उभं राहायचं आहे.

बाईंच्या दवाखान्याची पाटी अनेकांना आठवत असेल. दुपारी एक ते चार बंद. या पाटीची गावात यथेच्छ थट्टा झाली. "डॉक्टरबाई पुण्याच्या का हो?" असं मला भाजीवालीनेही विचारलं आहे. दाखल असलेल्या बायकांपाशी डॉक्टर आणि सिस्टर असतच. बंद असायची ती फक्त तपासणी, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत पडदे ओढून बाई झोपत. तातडीचं काही असेल तर उठवायचं, बेधडक उठवायचं, पण तातडीचं म्हणजे काय हे बाईंनी ठरवलेलं होतं. औषधकंपनीचा माणूस, ओळखीचे पुढारी, सत्काराचं आमंत्रण, यांतलं काहीही त्यात बसत नसे.

मी रुजू झाल्यानंतरच्या उन्हाळ्यातली एक दुपार. पहाटेपासून बाळंतपणं चालू होती आणि बाई उभ्याच होत्या. त्यात एक बडं घराणं सुनेला घेऊन आलं. सिझेरियन ठरलेलंच होतं, घाई कसलीच नव्हती. सासऱ्यांनी मात्र मुहूर्त काढून आणला होता.

"मॅडम, गुरुजींनी सव्वादोनची वेळ दिलेली आहे. ती चुकली की ग्रह बदलतात. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"आयुष्याचाच प्रश्न आहे म्हणून नाही म्हणते," बाई म्हणाल्या. "सकाळपासून मी उभी आहे. माझा हात दमलाय. दमलेल्या हाताने मी गरज नसलेली सुरी धरत नाही. उद्या सकाळी करू."

"मग आम्ही दुसरीकडे नेतो."

"न्या. कागद तयार करून देते, गाडीही मागवते."

सासरे लालबुंद झाले. आवाज जिन्यापर्यंत चढले. मला घाम फुटला, कारण त्या घराण्याचा शब्द आमच्या भागात चालतो आणि दवाखान्यावर दगड यायला वेळ लागत नाही. बाईंनी मात्र हात धुतले आणि वर जाता जाता मला बाजूला घेतलं. आंबिवलीची सरिता म्हणून एक पेशंट कळा देत होती. पहिलं सिझेरियन झालेलं, दुसरं बाळंतपण सुखरूप नैसर्गिक व्हावं म्हणून आम्ही थांबलो होतो. "तिच्याजवळून हलू नकोस. नाडी जराशी वाढली तरी मला उठव. विचार करत बसू नकोस, कळलं?"

खाली ती माणसं व्हरांड्यात फोनवर फोन लावत बसली होती आणि मी सरिताच्या मनगटावर बोट ठेवून. सव्वादोन वाजून गेले. दगड आला नाही. चारच्या सुमाराला सरिता एकदम म्हणाली, "मॅडम, इथे काहीतरी फाटल्यासारखं झालं हो." जुन्या टाक्यांच्या जागी तिचा हात होता. नाडी धावत होती, बाळाचे ठोके उतरत होते. मी जिना चढले तो कसा ते मला आजही सांगता येणार नाही.

बाई उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि खाली आल्या तेव्हा त्यांचा चेहरा रोजच्या सकाळी सातचा, ताजा होता. पोट उघडलं तर आत रक्तच रक्त. गर्भाशय जुन्या शिवणीवर उसवलं होतं. मी हातातला चिमटा तसाच धरून थबकले. बाई एवढंच म्हणाल्या, "घाबर, पण हात थांबवू नकोस." बाळ बाहेर आलं, रडलं नाही. बालरोगतज्ज्ञ त्याच्याशी झगडत होते आणि बाई टाक्यामागून टाका घालत होत्या, मान वर न करता. रडण्याचा आवाज आला तेव्हाही त्यांनी वर पाहिलं नाही. रक्त थांबल्यावर मग पाहिलं. सरिता वाचली, तिचं गर्भाशयही वाचलं.

मी भारावून म्हटलं, "मॅडम, तुम्हाला आधीच अंदाज आला होता ना?"

"अंदाज आला असता तर मीच गुरुजी झाले नसते का?" त्या म्हणाल्या. "मी दमले होते गं, बाकी काही नाही."

ती सून दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडेच बाळंत झाली. गुरुजींनी ती वेळही उत्तमच असल्याचं कळवलं म्हणे.

बाईंचं हे नाही म्हणणं सगळ्यांना गोड वाटलं असं नाही. लग्नाला येतात, आहेर देतात आणि पंगत बसायच्या आत निघतात. डॉक्टरांच्या संघटनेचं अध्यक्षपद त्यांनी कारण न देता नाकारलं, तेव्हा कारण तरी द्यायला हवं होतं असं अनेकांना वाटलं. माझ्या वास्तुशांतीला त्या आल्या नाहीत. मी महिनाभर फुगून होते, आणि त्यांनी माझी समजूतही काढली नाही.

त्यानंतर माझी आई आजारी पडली. सकाळी वर्तकनगरला आईकडे, दुपारी डोंबिवली, संध्याकाळी पुन्हा खोपटला बसमधून उतरून वर्तकनगरच्या रिक्षाच्या रांगेत. त्यात शिबिरं, व्याख्यानं, मुलीचा अभ्यास, आणि कुणीही काहीही मागितलं की माझं ठरलेलं उत्तर, "बघते, जमवते." एकदा तपासणीच्या खोलीतच मला रडू कोसळलं. बाईंनी दार लावून घेतलं.

"यातलं तुझ्यावाचून अडेल असं काय आहे?"

"सगळंच."

"पुन्हा विचार कर."

मी विचार केला. शिबिर दुसऱ्या कुणीही घेतलं असतं, व्याख्यान झालं नसतं तरी चाललं असतं. आईच्या उशाशी बसायला मात्र माझ्याऐवजी कुणी चाललं नसतं. ते मी बोलून दाखवल्यावर बाई म्हणाल्या, "जा मग." मला वाटलं, त्या माझं काम आपल्या अंगावर घेतील. तसं काही त्यांनी केलं नाही. दुसऱ्या दिवशी दाराला कागद लागला, नवीन नावनोंदणी बंद. आलेल्या बायका परत जात होत्या, शेजारच्या प्रसूतिगृहांत नाव घालत होत्या आणि बाई त्यांना स्वतः चांगले पत्ते सांगत होत्या. आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. याबद्दल बाईंचे आभार मी आजवर मानले नव्हते, ते इथे मानते.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची वेळ, साधं सिझेरियन, आम्ही दोघी टेबलापाशी. बाळ छान रडलं होतं. बाई शिवत होत्या आणि सुई एकदा जागा चुकली. पुन्हा चुकली. मी पाहिलं, त्यांच्या उजव्या हाताची बोटं थरथरत होती. बाईंनी चिमटा खाली ठेवला.

"तू घे," त्या म्हणाल्या, आणि माझं काम पुरं होईपर्यंत हात बांधून तिथेच उभ्या राहिल्या.

नंतर चहा घेताना मी म्हटलं, "एखादा दिवस दमायला होतं, मॅडम. थोडे दिवस सुट्टी घ्या, बरं वाटेल."

"दमणं मला कळतं गं," त्या म्हणाल्या. "शांत झोपून, खाऊनपिऊन आले होते मी. हे दमणं नाही."

मग त्यांनी तपासण्या करून घेतल्या. औषध चालू आहे, काळजीचं कारण नाही, हे त्यांच्याच परवानगीने इथे लिहिते. पण टेबलापाशी त्या परत येणार नाहीत.

समितीने सांगितलेलं काम करायचं ठरवूनच मी हा लेख लिहायला बसले होते. मला भीती वाटते. रक्त थांबत नसेल आणि धावत जाऊन उठवायला कुणी नसेल, त्या वेळेची. पण माझ्या भीतीसाठी बाईंनी उभं राहायचं, हे मला कोणत्या तोंडाने मागता येईल? स्वतःच्या हातांशी इतकं खरं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यांचे हात काय सांगतायत ते त्यांनी ऐकलं. आता आपण सर्वांनी ऐकायचं आहे.

अशा लेखाच्या शेवटी 'आपल्या हातून यापुढेही अशीच सेवा घडत राहो' असं लिहायचा प्रघात आहे. समितीची क्षमा मागून मी ते लिहीत नाही. बाई, आपल्याला भरभरून आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, आणि जी जी नाटकं आमच्यामुळे अर्धी सोडून यावी लागली ती आता पडदा पडेपर्यंत पाहायला मिळोत.

परवा सकाळी एक अवघड केस आली होती. फोन हातात घेतला, बाईंचा नंबरही काढला. मग लक्षात आलं की विचारण्यासारखं काही नाही, मला नुसती भीती वाटते आहे. फोन ठेवला आणि हात धुतले. आई आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत.